वाट कुणाची, कुंपण कुणाचे?

भूमी अभिलेख खात्याचा जुना गावनकाशा उलगडला की त्यावर तुटक रेषा दिसतात. एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, रुंदी सव्वाआठ फूट. दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फूट. गोंडपिपरी तालुक्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याला पांदण कुठून कुठे जाते हे नकाशा न पाहताही ठाऊक असते. परंतु ती कागदावर आहे की नाही, याची चौकशी तो सहसा करीत नाही. कुंपण पडल्यावर करतो, आणि तोवर बहुधा उशीर झालेला असतो.

याचा धडा येथून शेकडो कोस दूर, गोव्याच्या उत्तर टोकाला मिळतो. तेरेखोल हे पेडणे तालुक्यातले चिमुकले गाव. गाव गोव्याचे, पण नदीच्या पल्याड. केरीहून फेरीबोटीने जावे, नाहीतर महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातून वळसा घालून खुश्कीच्या मार्गाने. तेथला किल्ला सावंतवाडीकर खेम सावंतांनी बांधला आणि 1746 मध्ये पोर्तुगीजांनी तो घेतला. 15 ऑगस्ट 1954 रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींनी याच किल्ल्यावर तिरंगा फडकविला आणि त्याबद्दल पोर्तुगीजांचा तुरुंग भोगला. गोवामुक्तीचा इतिहास ज्यांना पाठ आहे त्यांना हे गाव परके वाटण्याचे कारण नाही.

या गावाच्या पठारावर लीडिंग हॉटेल्स या कंपनीने गोल्फचे मैदान आणि आलिशान निवासस्थाने उभारण्याची योजना आखली. पठारावर काजूची झाडे आणि कुळांची वहिवाट. कुळांचा दावा असा की, पिढ्यान्‌पिढ्या कसलेली ही जमीन कूळ कायद्याने त्यांची आहे. गोव्यात 1991 चा भूवापर नियमन कायदाही आहे. कुळाकडे आलेली शेतजमीन शेतीखेरीज अन्य कामी लावू नये, हा त्याचा आशय. तरीही झाडे तोडण्यावरून आणि जमीन सपाट करण्यावरून संघर्ष पेटला, प्रकरणे न्यायालयात गेली. गाव बहुतांशी ख्रिस्ती, म्हणून काही मंडळींनी या वादाला वेगळाच रंग देऊ पाहिला. कुळाच्या काजूला धर्म नसतो, एवढे म्हणून ती गोष्ट सोडून द्यावी.

अधिक बोधप्रद आहे ती रस्त्याची कथा. काही घरांच्या या गावासाठी केरी–तेरेखोल पुलाचे काम सरकारी खर्चाने हाती घेण्यात आले. पुलाचे स्वागत व्हायला हवे होते, कारण फेरीबोटीवर अवलंबून राहण्यातली अडचण गावकऱ्यांनीच सोसली होती. पण पूल आणि मैदान यांची वेळ इतकी जुळून आली की, पूल गावासाठी की पाहुण्यांसाठी, असा प्रश्न लोकांनी उघडपणे विचारला. किनारपट्टीच्या नियमांच्या आक्षेपांवरून प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले आणि काम अडले. म्हणजे ज्याला पूल खरोखरच हवा होता तो गावकरी पुन्हा फेरीच्या धक्क्यावर उभा! खासगी मैदानाची सावली पडली नसती, तर त्याला पुलाच्या विरोधकांच्या रांगेत उभे राहण्याची वेळ आली नसती.

याचा दोष एका पक्षावर ढकलणे सोपे आहे. परंतु काँग्रेसच्या राजवटीतला प्रादेशिक आराखडा 2011 लोकक्षोभामुळे जानेवारी 2007 मध्ये मागे घ्यावा लागला, तसेच भाजपच्या राजवटीत 2023 साली नगरनियोजन कायद्यात घातलेल्या कलम 17(2) खालचे नियमही मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द ठरविले. आराखड्यातली ‘चूक दुरुस्त करणे’ या सोज्ज्वळ नावाखाली एकेक भूखंड हिरव्या पट्ट्यातून वसाहतीच्या पट्ट्यात सरकत होता. आपल्या माणसांच्या हातून घडले म्हणून चूक ही चूक राहत नाही, असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे?

आता गोंडपिपरीकडे येऊ. येथे गोल्फ नाही आणि नजीकच्या काळात येण्याचा संभवही नाही. (कोलकात्यात 1829 साली साहेबांनी क्लब काढला, तेव्हापासून हा खेळ मोठ्या शहरांच्या कडेनेच वाढला.) मात्र 2021 मध्ये कन्हाळगाव अभयारण्य घोषित झाले आणि वाघ पाहायला येणाऱ्यांची वाट या बाजूलाही वळेल, हे सांगायला ज्योतिषी नको. मोहर्ली आणि कोलारा येथे ताडोबाच्या वेशीवर रिसॉर्टांची जी रांग लागली, ती चंद्रपूर जिल्ह्याने पाहिली आहे. रोजगार आला, हे नाकारण्यात प्रामाणिकपणा नाही. पण अकृषक परवानगीच्या कागदावर भूखंडाचे क्षेत्रफळ येते, मालकाचे नाव येते. त्या भूखंडावरून तळ्याकडे, स्मशानाकडे वा मोहफुलाच्या झाडांकडे जाणारी वाट मात्र त्यात आपोआप येत नाही. परवानगी जिल्ह्याच्या ठिकाणी मिळते, फाटक गावात लागते.

विदर्भातल्या गावांचे सुदैव असे की, त्यांच्याकडे एक जुने शस्त्र पडून आहे. मालगुजारी 1951 मध्ये गेली तेव्हा हा मुलूख मध्य प्रदेशात होता, आणि निस्ताराचे हक्क नोंदविण्याची तेथली परंपरा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमातही टिकली. कलम 161 खाली निस्तारपत्रक, तर कलम 165 खाली वाजिब-उल-अर्ज. गावाच्या सार्वजनिक नसलेल्या जमिनीवरूनही गावकऱ्यांची जाण्यायेण्याची वहिवाट असेल, तर ती या दुसऱ्या दस्तऐवजात नोंदवायची असते. नाव फारसी, आशय अस्सल देशी! एखादी वाट अडविली तर मामलतदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 प्रमाणे तहसीलदाराकडे दाद मागता येते, पण ती सहा महिन्यांच्या आत. कुंपण पाडव्याला पडले आणि अर्ज दिवाळीनंतर गेला, तर ही वाट बंद. शेतरस्त्याची नोंद सातबाराच्या इतर हक्कांत घेण्याचा शासननिर्णयही मे 2025 मध्ये निघाला. निर्णय उत्तम, मात्र नोंद मागणारा नसेल तर तलाठी ती आपण होऊन शोधायला येईल, अशी आशा कुणी बाळगू नये.

या तालुक्यातच पाचगाव आहे. वनहक्क कायद्याखाली 2012 मध्ये सुमारे 1,000 हेक्टर जंगलावर या गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. त्यानंतर गावाने बांबू तोडीचे आणि विक्रीचे नियम स्वतः बसून ठरविले. तेंदूपानाचा पैसा समोर दिसत असताना तो हंगाम सोडला, कारण त्यासाठी झाडे छाटावी आणि रान पेटवावे लागते. नियोजन हा शहरी पदवीधरांचाच प्रांत आहे असे मानणाऱ्यांनी एकदा पाचगावला जाऊन यावे. तेथे जमिनीचे पट्टे पाडले गेले ते ग्रामसभेत, आणि कुठे कुऱ्हाड लावायची नाही हेही तेथेच ठरले.

त्याच वनहक्क कायद्याच्या कलम 3(2) मध्ये गावाच्या रस्त्यासाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देण्याची सोय आहे. अट दोन गोष्टींची: हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडे पडू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी. गावाच्या रस्त्याला ग्रामसभेची शिफारस लागते. मग खासगी विश्रामगृहाच्या फाटकापर्यंत सार्वजनिक पैशाने डांबर न्यायचे असेल, तेव्हा ग्रामसभेला निदान विचारावे तरी, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही. गुंतवणूकदाराचाही त्यात लाभच आहे. तेरेखोलला ज्यांनी पैसा गुंतविला, त्यांची वर्षे कचेऱ्या आणि न्यायालये यांच्या पायऱ्यांवर गेली.

तालुक्यातल्या शाखांतून, भजनी मंडळांतून, ढाब्याच्या यात्रेला निघणाऱ्या दिंड्यांतून वाटा माहीत असलेली म्हातारी माणसे अजून आहेत. त्यांना सोबत घेऊन, गावनकाशाची प्रत हाती धरून एक शिवारफेरी काढायला दोन दिवस पुरतात. नकाशावर नसलेली प्रत्येक वाट कागदावर उतरवावी, ग्रामसभेचा ठराव करावा आणि वाजिब-उल-अर्जाची नक्कल तहसील कचेरीतून मागवून त्याच्याशी ताडून पाहावी. हे काम येत्या पावसाळ्यापूर्वी व्हावे. पहिल्या सरीनंतर पांदणीत गुडघाभर चिखल होतो आणि फेरी पुढच्या वर्षावर जाते.