शोभेचा लव्हाळा कुंडीतच बरा

छत्रीसारख्या पानांचा शोभेचा लव्हाळा अंगणात हौसेने लावावा. त्यात गैर काही नाही. या आफ्रिकी वनस्पतीस सतत ओल व विरळ सावली मानवते. म्हणून कुंडीखाली पाण्याची परात ठेवावी. गड्डा विभागून, अथवा पानांचा झुपका देठासह कापून पाण्यात उलटा ठेवल्यास नवी रोपे मिळतात.

परंतु ही सुलभ वाढच तलावांस घातक ठरू शकते. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील मालगुजारी तलावांवर धानाचे ओलित आणि ढिवर बांधवांची मासेमारी अवलंबून आहे. जलपर्णीही या देशात शोभेची म्हणूनच आली आणि जलाशय व्यापून बसली. यास्तव वाढलेले गड्डे तलावात किंवा नाल्यात न टाकता उन्हात पूर्ण वाळवून खताच्या खड्ड्यात घालावेत. तलावाच्या काठास आपला देशी लव्हाळाच पुरेसा आहे.