नैवेद्याचे ताट कोणापुढे?

गौरी-गणपती आले की महाड-पोलादपूरकडच्या काही बौद्ध घरांतही नैवेद्याचे पान वाढले जाते. 'आम्ही मानत नाही, आजीच्या समाधानासाठी करतो', असे उत्तर मिळते. मग १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतील गौरी-गणपतीविषयीच्या प्रतिज्ञेचे काय? २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी घेतल्यावर, अस्पृश्य वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठवून सनातन्यांनी मंडपात जेवणाऱ्या आपल्या माणसांना मारले, अन्न मातीत मिसळले. त्याच महाडात आपण देवापुढे ताट मांडायचे? घटनेचे २५ वे कलम श्रद्धेचे स्वातंत्र्य देते. म्हणून आजीवर सक्ती नको, तिला समजावून सांगा. पण न मानणाऱ्यांनी नैवेद्य दाखवू नये. गोडधोड जरूर करा, ते माणसांना वाढा.