निर्देशांची मोजदाद

आमचा पुतण्या जीवशास्त्राचें संशोधन करतो. गेल्या महिन्यांत तो घरीं आला तो खिन्न मुद्रेनें. विचारतां कळलें कीं, त्याचा 'एच निर्देशांक' पांचावरच अडून राहिला आहे. आमच्या मॅट्रिकच्या विद्येंत हा शब्द नव्हता, म्हणून त्यानें समजावून दिलें तें असें: एका विद्वानाच्या निबंधाचा आधार दुसऱ्यानें घेतला म्हणजे तो आपल्या निबंधाअखेर त्याचा निर्देश करतो. अशा निर्देशांची सूचि यूजीन गारफील्ड यांनीं फिलाडेल्फिया येथून १९६४ मध्यें सुरू केली; आणि २००५ मध्यें होर्हे हर्श या पदार्थविज्ञानवेत्त्यानें तीवरून माणसाची योग्यता एका आंकड्यांत मांडण्याची युक्ति काढली. ज्याच्या वीस निबंधांचा प्रत्येकीं निदान वीस वेळां निर्देश झाला, त्याचा निर्देशांक वीस. नोकरी, बढती, अनुदान, सर्वांची दृष्टि या आंकड्याकडे!

पूर्वसूरींचें नांव घेण्याचा शिष्टाचार आम्हां संस्कृत शिकलेल्यांस नवा नाहीं. कालिदासानें मालविकाग्निमित्राच्या प्रस्तावनेंत भास, सौमिल्ल व कविपुत्र यांचा उल्लेख केला. पैकीं सौमिल्लाचें एकहि नाटक आज उपलब्ध नाहीं. त्याचा निर्देशांक काय धरावा, हें पुतण्यास सांगतां आलें नाहीं.

मग आम्हीं त्यास बॉस्टनच्या बालरुग्णालयांतील लुई कुंकेल यांची हकीकत सांगितली. हें नांव आम्हांस ठाऊक असण्याचें कारण पुढें येईल.

ड्यूशेन यांच्या नांवानें ओळखला जाणारा स्नायुक्षयाचा एक रोग आहे. तो बहुतेक मुलग्यांसच होतो. तीन ते पांच वर्षांचा मुलगा वारंवार पडूं लागतो, जिना चढतांना थकतो. बाराव्या वर्षाच्या सुमारास चालणें बंद होतें, आणि पुढें श्वासाचे व हृदयाचे स्नायूहि दुबळे होतात. लंडनचे एडवर्ड मेरियन यांनीं १८५१ मध्येंच याचें वर्णन वाचून दाखविलें होतें. स्नायुतंतूचें आवरण फुटतें हेंहि त्यांस दिसलें होतें. नांव मात्र राहिलें तें १८६८ मध्यें सविस्तर लिहिणाऱ्या ड्यूशेन यांचें.

रोगाचें मूळ एक्स गुणसूत्रावर आहे हें कळलें होतें; दोषी जनुक कोणतें, तें कळेना. एका रोगी मुलाच्या या गुणसूत्राचा एक तुकडाच गळालेला होता. कुंकेल यांनीं निरोगी डी.एन.ए.मध्यें त्या मुलाचा डी.एन.ए. पुष्कळ अधिक प्रमाणांत मिसळला. मुलाच्या तुकड्यांशीं ज्यांची जोडी जुळली ते बाजूस पडले; बाकी राहिलेल्यांत, त्याच्याजवळ जें नव्हतें तें हातीं आलें. पंक्तींतलीं रिकामीं पानें पाहून कोण जेवावयाचें राहिलें हें गृहिणी ओळखते, त्यांतलाच हा प्रकार. हे तुकडे त्यांनीं कुलुपांत न ठेवतां देशोदेशींच्या प्रयोगशाळांस वाटले, आणि १९८६ च्या एका निबंधावर त्या सर्व सहकाऱ्यांचीं नांवें घातलीं. त्याच वर्षीं जनुकाचा भाग सांपडला. १९८७ मध्यें हॉफमन, ब्राउन व कुंकेल यांनीं त्यापासून होणारें प्रथिन ओळखून त्यास 'डिस्ट्रोफिन' म्हटलें. तें स्नायुतंतूच्या आवरणाच्या आंतल्या अंगास असतें, असें पुढें दिसून आलें. मेरियन यांची दृष्टि खरी होती!

१९८७ च्या त्या निबंधाचा निर्देश हजारों वेळां झाला आहे. परंतु आज 'डिस्ट्रोफिन' हा शब्द कोणीहि निर्देशावांचून लिहितो. फार मोठें यश मोजणींतून असें निसटतें. कुंकेल यांचा निर्देशांक काढूं काय, म्हणून पुतण्यानें विचारलें. आम्हीं नको म्हटलें, आणि आमची गोष्ट सांगितली.

१९८५ मध्यें आम्ही नुकतेच नोकरीस लागलों होतों. तिसरीच्या वर्गांत एक मुलगा होता. जमिनीवरून उठतांना तो हात गुडघ्यांवर, मग मांड्यांवर टेकीत, जणूं स्वतःच्याच अंगावर चढत उभा राही. आम्हीं त्यास आळशी म्हटलें, आणि एकदां तास संपेपर्यंत उभें केलें. ही उठण्याची तऱ्हा या रोगाची खूण आहे, हें डॉक्टरांनीं निदान केल्यावर आम्हांस समजलें.

रोग आईकडून येतो, एवढें अर्धेंच वाक्य त्या घरांत पोंचलें. माहेरचें रक्त वाईट, असें ती माउली वर्षानुवर्षें ऐकत राहिली. वस्तुतः अशा मुलांपैकीं सुमारें एकतृतीयांशांच्या आईकडे तो दोष नसतोच. तो नव्यानें उपजलेला असतो. आणि आईकडून आला तरी त्यांत तिचा अपराध कोणता? परंतु त्या काळीं यांतला कोणता प्रकार, हें खात्रीनें सांगण्याची सोय नव्हती.

१९९६ मध्यें दोघांचें रक्त तपासलें गेलें. मुलाच्या जनुकाचा भाग गळालेला निघाला. आईचें जनुक शाबूत होतें. तो कागद ती आम्हांस दाखवावयास घेऊन आली. त्यावर डिस्ट्रोफिन होतें, कुंकेल नव्हते. हा शोध कोणाचा, याची चौकशी आम्हीं त्यानंतर केली. सासूबाईंनीं कागद वाचला काय, असें विचारतां ती म्हणाली, "मीच मोठ्यानें वाचला, सगळीं जेवायला बसलीं असतांना."

मुलगा तेव्हां एकोणीस वर्षांचा, चाकांच्या खुर्चींत असे. आम्ही त्याच्याकडे गेलों, आणि तिसरींतल्या त्या तासाची आठवण काढून क्षमा मागितली. त्यास तो तास चांगला आठवत होता.

"गुरुजी," तो म्हणाला, "तेव्हां मी पूर्ण तासभर उभा राहिलों होतों."