हापूसच्या वाटेवरचे मालवाहू विमान

विजयदुर्ग खाडीवरच्या खारेपाटणने व्यापाराचे वैभव पाहिले आहे. शिलाहार राजा रट्टराजाच्या, इ. स. १००८च्या येथील ताम्रपटात परदेशातून येणाऱ्या गलबतांवरील सुवर्णकराचा उल्लेख आहे. पुढे खाडी गाळाने भरली आणि बंदर मागे पडले. आज इथला आंबा महामार्गावरून ट्रकने वाशीच्या बाजारात जातो.

हा माल उद्या विमानाने जाऊ शकेल का, या विचारानेच या अंकात प्रवासी विमाने मालवाहू कशी होतात, हा विषय आम्ही मांडत आहोत. पंधरा-वीस वर्षे प्रवासी वाहिलेल्या विमानातील आसने काढतात, बाजूचा पत्रा कापून मोठा दरवाजा बसवतात, तळ मजबूत करतात, खिडक्या बुजवतात. वैमानिकांच्या मागे, माल पुढे सरकू नये म्हणून, भक्कम अडसर उभारतात. इंडिगोने २०२२मध्ये असेच रूपांतरित ए-३२१ विमान ताफ्यात आणले. ते सुमारे २७ टन माल नेते. बोईंग आणि जीएमआर यांनी २०२३मध्ये हैदराबादेत अशा रूपांतराचा प्रकल्प जाहीर केला.

२०२०च्या टाळेबंदीत प्रवासी उड्डाणे थांबली, तेव्हा त्या विमानांच्या पोटातून जाणारा मालही अडला. नाशवंत माल पिकवणाऱ्यांनी तो धडा विसरू नये. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील चिपीचा विमानतळ २०२१मध्ये सुरू झाला, पण नुसती धावपट्टी पुरेशी नाही. शीतगृह, प्रतवारी आणि तपासणीची सोय जिल्ह्यातच झाली पाहिजे. आंबा आणि मासळी मिळून वर्षभराचा माल उभा राहिला, तरच मालवाहू विमान इथे उतरेल. त्यासाठी बागायतदार, मच्छीमार आणि शासन यांनी आताच एकत्र बसावे, ही आमची कळकळीची मागणी आहे.