खुर्ची सोडणाऱ्या बाईचा हिशेब



मागं आपल्याच एका बैठकीत एक पोरगा तावातावानं बोलला, "आपला माणूस न्यायमंत्री झाला की विषय संपला. मंत्री आपला तर कायदा आपला." टाळ्या पडल्या. मीपण वाजवली. घरी येऊन भाकरी खाताना वाटलं, टाळी फुकट गेली.

का फुकट गेली ते सांगायला जरा लांबचा दाखला घेतो. फ्रान्सचा. कुणी म्हणंल, आपल्याला काय त्याचं? 1972 साली आपण पँथर हे नाव सातासमुद्रापलीकडच्या काळ्या भावांकडनं घेतलं, तेव्हा कुणी अंतर मोजलं नव्हतं. आताही मोजू नका.

क्रिस्तियान तोबिरा. जन्म 1952, कायेन, फ्रेंच गयाना. हा मुलूख आहे दक्षिण अमेरिकेत आणि राज्य पॅरिसचं. तिथल्या मळ्यांत आफ्रिकेतनं धरून आणलेली माणसं राबत होती. 1848 साली फ्रान्सनं गुलामी कायमची बंद केली. 1849 साली नुकसानभरपाईचा कायदा केला. कुणाची नुकसानभरपाई? मालकांची! गुलाम गेले म्हणून मालकाला पैसा. ज्याची पाठ सोलली त्याला दमडी नाही. पुढं 1852 पासून सरकारनं त्याच मुलखात काळं पाणी उघडलं, देशभरचे कैदी तिथं नेऊन टाकले. म्हणजे बाई जन्मल्या त्या मातीनं आधी गुलामाची बेडी पाहिली, मग कैद्याची. आई दवाखान्यात रुग्णांची सेवा करायची आणि एकटीच्या जिवावर पोरं वाढवायची. अशा घरातली ही बाई 1993 साली खासदार म्हणून पॅरिसच्या सभागृहात जाऊन बसली.

2001 साली बाईंच्या नावानं ओळखला जाणारा कायदा झाला. गुलामांचा व्यापार आणि गुलामी हा मानवतेविरुद्धचा गुन्हा आहे, असं फ्रान्सला कायद्यात लिहावं लागलं. शाळेत तो इतिहास शिकवायचा, हेही लिहावं लागलं. पण मूळ मसुद्यात आणखी एक कलम होतं. नुकसान किती झालं आणि त्याची भरपाई कशी करायची, हे ठरवायला समिती नेमा, असं. ते कलम वाटेतच कापलं गेलं. प्रस्थापितांची ही रीत आपल्याला नवी नाही. दुःखाचं स्मारक मागा, देतात. हिशेब मागा, की कात्री निघते.

16 मे 2012 ला तोबिराबाई न्यायमंत्री झाल्या. आता खरी गोष्ट सुरू.

त्यांच्या आधीचा एक कायदा होता, 10 ऑगस्ट 2007 चा. सार्कोझीच्या राज्यातला. दुसऱ्यांदा गुन्हा केला की किमान शिक्षा ठरलेली. तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा असेल तर कमीत कमी एक वर्ष. पाच वर्षांचा असेल तर दोन. सात असेल तर तीन. दहा असेल तर चार. न्यायाधीशाला त्याखाली उतरायचं तर कारण लेखी द्यावं लागायचं. माणूस कोण, चोरलं काय, का चोरलं, हे मागं पडलं. रकाना बघा आणि आत टाका.

ऐकायला बरं वाटतं. सराईत गुन्हेगाराला दया कशाला? पण सराईत ठरतो कोण? जो दोनदा सापडतो तो. आणि दोनदा कोण सापडतो? ज्याला पोलीस रोज अडवतो तो. 2009 साली पॅरिसमधल्या स्टेशनांवर आणि त्यांच्या आसपास उभं राहून पोलीस कुणाला अडवतात याची मोजणी झाली. गोऱ्या माणसाच्या तुलनेत काळ्याला अडवण्याची शक्यता सहापट निघाली, अरबाला साडेसात पटीहून जास्त. गोऱ्याच्या खिशात गांजाची पुडी असली तरी खिसाच कुणी तपासत नाही. काळ्याचा खिसा दिवसातनं दोनदा उलटा होतो. मग कोर्टात उभा कोण राहणार? 1871 साली इंग्रजानं आपल्याकडं गुन्हेगार जमातींचा कायदा आणला. आपल्या पारध्याला हे गणित समजावून सांगायला लागत नाही. जन्मावर संशय, संशयावर झडती, झडतीवर केस, आणि केस झाली की लोक म्हणतात, बघा, आम्ही म्हणत नव्हतो!

आता नीट ऐका. 2007 चा तो कायदा कुणाच्या हातनं आला? न्यायमंत्री होत्या रशिदा दाती. मोरोक्कोहून आलेल्या गवंड्याची पोर, आई अल्जीरियाची. म्हणजे त्या पोराच्या भाषेत "आपली"च बाई खुर्चीवर होती! आणि तिच्याच हातनं तिच्याच वस्तीतल्या पोरांच्या गळ्यात दोरी गेली. पुढं दुसरी "आपली" बाई आली, तिनं ती दोरी सोडवली. खुर्ची तीच, दोघी खालनं वर आलेल्या. फरक पडला तो कुणाच्या बाजूनं सही केली याचा. बैठकीतल्या टाळीला माझं उत्तर एवढंच आहे.

तोबिराबाईंनी काय केलं? 15 ऑगस्ट 2014 चा कायदा. किमान शिक्षेचा रकाना रद्द. माणूस बघून शिक्षा ठरवा, असं न्यायाधीशाला सांगितलं. तुरुंगाऐवजी एक नवी शिक्षा आणली: बाहेर राहा, काम करा, उपचार घ्या, देखरेखीखाली राहा, अटी मोडल्या तर आत. दोन तृतीयांश शिक्षा भोगलेल्या कैद्याचं प्रकरण आपोआप तपासायचं आणि देखरेखीखाली सोडता येतं का ते बघायचं. शिक्षा संपल्यावर दाराबाहेर ढकलून दिलेला माणूस परत आत येतो, हे साधं शहाणपण त्यात होतं. त्या साली फ्रान्सच्या तुरुंगांत जागा सत्तावन-अठ्ठावन हजारांची आणि माणसं सदुसष्ट-अडुसष्ट हजार. जमिनीवर गादी टाकून झोपायचं.

बोंबाबोंब झाली. बाई गुन्हेगारांना सोडतात! बाई पोलिसांच्या विरोधात! आणि ही बोंब एकट्या विरोधकांची नव्हती. त्यांच्याच सरकारातल्या गृहमंत्र्यानं, मान्युएल वाल्स यांनी, 2013 च्या उन्हाळ्यात राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहून या मसुद्याला विरोध केला, आणि ते पत्र वर्तमानपत्रात आलं. हे वाल्स स्वतः बार्सिलोनात जन्मलेले, विशीत फ्रेंच नागरिक झालेले. दार आपल्यासाठी उघडलं की मागच्यासाठी लावून घ्यायचं, हा रोग एका देशाचा नाही.

परदेशातनं आलेल्यांचं काय? आईबापाविना एकटी पोरं फ्रान्समध्ये येत होती. ती ज्या जिल्ह्यात सापडत त्या जिल्ह्यानं त्यांना सांभाळायचं. पॅरिसशेजारचे गरीब जिल्हे म्हणू लागले, आम्हीच किती पोसायची? 31 मे 2013 ला बाईंनी परिपत्रक काढलं: सगळ्या जिल्ह्यांनी वाटून घ्या, जिल्ह्यातल्या अल्पवयीन लोकसंख्येच्या प्रमाणात. म्हणजे श्रीमंत जिल्ह्यालाही अंग चोरता येणार नाही. काही जिल्हे कोर्टात गेले. 2015 च्या जानेवारीत वरच्या प्रशासकीय न्यायालयानं वाटणीचं सूत्र उडवलं. म्हणालं, याला कायद्याचा आधार नाही. 2016 च्या मार्चमध्ये कायद्यात आधार आला तेव्हा बाई खुर्चीवर नव्हत्या. परिपत्रकावर विसंबून राहू नये, एवढा धडा यातनं घ्या. परिपत्रक कालच्या साहेबानं काढलं, उद्याचा साहेब फाडतो.

आता बाईंची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. व्यक्तिपूजेचं काय होतं ते बाबासाहेबांनी सांगून ठेवलंय. बाईंच्या हिशेबात उधारीही आहे. त्या परिपत्रकात पोराचं वय ठरवायला हाडाचा एक्सरे काढायची वाट उघडीच ठेवली, शेवटचा उपाय म्हणून का होईना. म्हणजे पोराच्या तोंडच्या शब्दापेक्षा त्याचं मनगट खरं. सोळा वर्षांवरच्या पोरांसाठी 2011 साली काढलेली खास न्यायालयं बंद करू, असा शब्द होता. बाई होत्या तोवर ती चालूच राहिली, 2016 च्या नोव्हेंबरातल्या कायद्यानं गेली. धरला आणि लगेच कोर्टात उभा केला, अशा झटपट खटल्यांची पद्धत तशीच राहिली, आणि तुरुंगाची मोठी भरती तिथनंच होते. पोलिसानं अडवलं की पावती द्यायची, हे ओलांद यांचं 2012 च्या निवडणुकीतलं वचन गृहखात्यानं गिळलं, सरकार गप्प बसलं. बाईही त्याच सरकारात होत्या. आणि ती नवी शिक्षा? न्यायाधीशांनी फार कमी वापरली. 2019 च्या कायद्यानं ती मोडीत काढून दुसऱ्या शिक्षेत विलीन केली. 2024 च्या अखेरीस फ्रान्सच्या तुरुंगांत ऐंशी हजारांवर माणसं होती. कायदा वर बदलला आणि खाली मन तेच राहिलं, की असंच होतं.

मन कसलं होतं तेही बघा. 2013 च्या ऑक्टोबरात आँजे शहरात बाई गेल्या. समलिंगी विवाहाचा कायदा त्यांनी त्याच वर्षी आणला होता म्हणून निदर्शनं होती. तिथं लहान पोरांनी त्यांना माकडीण म्हणून घोषणा दिल्या, एका पोरीनं केळाची साल दाखवली. पुढच्याच महिन्यात एका साप्ताहिकानं मुखपृष्ठावर तेच छापलं. देशाची न्यायमंत्री! कायद्याची किल्ली जिच्या हातात, तिला केळं! पद मिळालं की जात जाते, असं समजणाऱ्या आपल्या साहेबलोकांनी हे कापून भिंतीला चिकटवावं. मंत्र्याच्या लाल दिव्याखालीही लोकांना आधी कातडीच दिसते.

पण बाईंनी केळावरनं खुर्ची सोडली नाही. अपमान गिळला आणि काम केलं. खुर्ची सोडली ती दुसऱ्या कारणावर.

13 नोव्हेंबर 2015. पॅरिसमध्ये हल्ले झाले, 130 माणसं मेली. निरपराध माणसं. त्यांच्यासाठी डोळ्यात पाणी आलं पाहिजे, त्यात दुमत नाही. तीन दिवसांत राष्ट्राध्यक्ष ओलांद यांनी जाहीर केलं: राज्यघटना बदलू, दहशतवादाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याचं नागरिकत्व काढून घेऊ, तो जन्मानं फ्रेंच असला तरी, त्याच्याकडं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व असेल तर.

वरनं साधं दिसतं. बॉम्ब टाकणाऱ्याचं नागरिकत्व गेलं तर गेलं. पण दोन नागरिकत्वं असतात कुणाकडं? बहुतेक करून ज्याचे आईबाप, आजाआजी मोरोक्कोहून, अल्जीरियाहून, ट्युनिसियाहून आले त्याच्याकडं. म्हणजे तोच गुन्हा दोघांनी केला, तर गोऱ्या बापाचा पोरगा जेलमध्ये जाऊनही फ्रेंच, आणि अरब बापाचा पोरगा परका. एकाच घटनेत दोन तऱ्हेचे नागरिक! एक पक्का, दुसरा कच्चा. आणि मरायला निघालेला माणूस पासपोर्ट जाईल म्हणून थांबेल काय? हल्ला याच्यानं थांबणारच नव्हता. दहा लाख नव्हे तर त्याहून जास्त साध्या माणसांना मात्र सांगितलं जाणार होतं, तुम्ही इथले असून इथले नाही. फ्रान्सनं हे आधी करून पाहिलं होतं. 1940 साली हिटलरपुढं वाकलेल्या व्हिशी सरकारनं पंधरा हजारांवर माणसांचं नागरिकत्व काढून घेतलं. त्यांतले हजारो ज्यू होते. कागद आधी गेला, गाडी नंतर आली.

बाई गप्प बसल्या नाहीत. 2015 च्या डिसेंबरात अल्जीरियाच्या रेडिओला सांगून टाकलं की ही तरतूद राहणार नाही. दुसऱ्याच दिवशी मंत्रिमंडळानं ती ठेवली. 27 जानेवारी 2016 ला बाईंनी राजीनामा दिला. प्रतिकार करायचा तर कधी राहावं लागतं, कधी निघावं लागतं, असं त्या म्हणाल्या. आणि मंत्रालयातनं सायकलवर निघून गेल्या. दोन महिन्यांनी, 30 मार्चला, ओलांद यांना ती घटनादुरुस्तीच गुंडाळावी लागली.

राजीनामा म्हटलं की आपल्याला 1951 चा सप्टेंबर आठवतो. हिंदू कोड बिल बासनात गेलं, अस्पृश्यांच्या प्रश्नाकडं सरकारनं पाठ फिरवली, आणि देशाचा पहिला कायदामंत्री खुर्चीवरनं उठला. ते उठणं आपली शिदोरी आहे. पण आपण काय केलं? फोटोला हार घातला आणि राजीनामा विसरलो. आता आपले पुढारी खुर्चीसाठी उठतात, खुर्चीवरनं उठत नाहीत.

तर पोरांनो, पुढच्या वेळी आपला माणूस मंत्री झाला की गुलाल जपून उधळा. आधी विचारा. जेलमध्ये कोण कोण कच्चे कैदी म्हणून वर्षानुवर्षं सडतायत, त्यांची यादी मागवली का? पोलीस कुणाच्या वस्तीत रोज येतो आणि कुणाच्या कधीच येत नाही, याचा हिशेब घेतला का? जन्मावरनं माणसाला पक्का आणि कच्चा करणारा कागद समोर आला तर सही करणार, की पेन खाली ठेवणार? आणि स्वतःलाही विचारा. अत्याचार झाला की आपण फाशी द्या, आत टाका, कायदा कडक करा म्हणून घोषणा देतो. अत्याचार करणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे, त्यात तडजोड नाही. पण कडक केलेला प्रत्येक कायदा शेवटी कुणाच्या दारावर लाथ मारतो, हे बघायला शिका. वाड्याच्या दारावर तो बेल वाजवतो. आपल्या झोपडीवर लाथच मारतो.

त्या पोराला मी आता सांगीन, बाबा, आपला माणूस खुर्चीवर बसव. जरूर बसव. पण त्याची सायकल बाहेर तयार ठेव. आणि त्याला रोज विचार, हवा भरलीय का?

जय भीम!