रक्त आमचं, डिग्री कुणाची?

जनुकशास्त्राचे डॉक्टर घडवायची सध्या मोठी धावपळ चाललीय. 2019 साली केंद्राच्या जैवतंत्रज्ञान खात्यानं ‘उम्मीद’ योजना काढली : निदान केंद्रं, तरुण डॉक्टरांना ट्रेनिंग. जानेवारी 2025 मध्ये ‘जीनोम इंडिया’नं 10,000 माणसांचे जीनोम संशोधकांना खुले केले. वाजवा टाळ्या! मी मॅट्रिक, गोदीतला हमाल. मला यातलं काय कळतं, म्हणाल. पण दोस्तहो, सुई कुणाच्या दंडात जाते आणि डिग्री कुणाच्या भिंतीवर लटकते, एवढं मला कळतं.

सिकलसेल घ्या. विदर्भात हा रोग गोंड-परधानांत, आणि आपल्या बौद्धांत. हिमोग्लोबिनच्या जनुकात एक अक्षर बदललं की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक नसांत अडकते. माणूस हाडं फुटल्यागत ओरडतो. तहान, थंडी, अतिश्रम झाले की कळा उठतात. म्हणजे ज्यांच्या वाट्याला उन्हातली मजुरी त्यांनाच हा रोग! गेल्या जन्मीचं पाप वगैरे भटगिरी नको. हे मलेरियाचं काम. एकच जनुक बिघडलेला असला तर माणूस जीवघेण्या मलेरियातून वाचतो, म्हणून तो मलेरियाच्या मुलखात टिकला.

1904 साली शिकागोत वॉल्टर नोएल या ग्रेनाडाहून आलेल्या काळ्या विद्यार्थ्याच्या रक्तात ह्या वाकड्या पेशी पहिल्यांदा पाहिल्या त्या अर्नेस्ट आयर्न्स नावाच्या शिकाऊ डॉक्टरनं. 1910 मध्ये पेपर निघाला तो साहेबाच्या, जेम्स हेरिकच्या नावावर. नोएलचं तर पेपरात नावच नाही. पुढं 1971 पासून ब्लॅक पँथर्सनी वस्त्यांत फुकट तपासण्या सुरू केल्या, मग 1972 मध्ये निक्सनला कायदा करावा लागला. पण वाहक आणि रोगी यातला फरकच साहेबांच्या डोक्यात शिरला नव्हता. धडधाकट वाहकांना अमेरिकेच्या हवाईदल अकादमीचं दार 1981 पर्यंत बंद होतं!

आता आपल्याकडं बघा. 1 जुलै 2023 ला शहडोलला पंतप्रधानांनी सिकलसेल मिशन सुरू केलं. 7 कोटी लोकांची तपासणी, 2047 पर्यंत रोग खतम. कार्डंही वाटली. पण कार्डावर ‘वाहक’ लिहून आलेल्या पोरीला समजावणार कोण? तू आजारी नाहीस, नवराही वाहक असला तरच प्रत्येक बाळंतपणात चारात एक धोका, हे तिच्या गोंडीत, तिच्या वऱ्हाडीत सांगणारा डॉक्टर कुठं शिकतोय? नाही सांगितलं तर ते कार्ड म्हणजे नवा जातीचा दाखला. सोयरीक मोडायला तेवढं पुरे.

आणि असला डॉक्टर होणार कसा? जनुकशास्त्रातली वरची डिग्री म्हणजे डीएम. नीट-एसएस, सुपर स्पेशालिटी. तिथं अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण नाही. गुणवत्ता म्हणे! रक्त घेताना विचारता का रे गुणवत्ता? आमच्यातलं कुणी खालच्या पायऱ्या चढून गेलंच तर काय होतं तेही पाहिलं. डॉ. पायल तडवी, आदिवासी, मुंबईत एमडीला शिकत होती. 22 मे 2019 ला तिनं जीव दिला. जातीवरून छळल्याचा आरोप सोबतच्या डॉक्टरणींवर.

रिस्लेनं नाकं मोजून जाती लावल्या होत्या. 1948 मध्ये बाबासाहेबांनी ‘द अनटचेबल्स’मध्ये नाकाच्या मापांचेच आकडे उलटे फिरवून दाखवलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे. मोजमापाला आमचा विरोध नाही. टेप कुणाच्या हातात, एवढंच विचारतोय.

जनुकात काटछाट करणारं औषध 2023 मध्ये अमेरिकेत आलं, किंमत 22 लाख डॉलर. ते राहू द्या तुमच्याकडं. हायड्रॉक्सीयुरियाची साधी कॅप्सूल गडचिरोलीच्या प्राथमिक केंद्रात रोज मिळू द्या. डीएमच्या जागांत आमचा वाटा काढा. ट्रेनिंगवाल्या पोरांना सहा महिने तिथंच ठेवा, मशीनपाशी नाही, पेशंटच्या खाटेपाशी. तोवर नळी घेऊन वस्तीत आलात तर आधी रजिस्टर दाखवा : रक्त कुठं जाणार, नाव कुणाचं लागणार.