मंत्रांचा खुर्दा

टेबलाभोंवतीं बसून संभाषणानें खेळावयाच्या भूमिकाखेळांत जादूचा हिशेब कसा ठेवावा, हा प्रश्न प्रौढ वाचकांस पोरकट वाटण्याचा संभव आहे. आम्हांसहि प्रथम तो तसाच वाटला होता. परंतु ज्या खेळांत चारपांच माणसें तासचे तास समोरासमोर बसून एकच कथा मिळून रचतात, त्या खेळाचा नियम म्हणजे त्या माणसांनीं एकमेकांस दिलेला शब्द होय. आणि तो शब्द बदलतांना त्याची किंमत कोणास द्यावी लागते हें पाहणें खचित पोरकटपणाचें नाहीं.

अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत एक जण सूत्रधार होऊन प्रसंग मांडतो. बाकीचे कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी जादूगार होतात. आणि जेथें संशय तेथें फांसे निकाल देतात. त्यांतील जादूची कल्पना जॅक व्हान्स या लेखकाच्या १९५० सालच्या 'द डाइंग अर्थ' या पुस्तकावरून घेतलेली आहे. व्हान्सच्या जादूगाराच्या डोक्यांत मोजकेच मंत्र मावतात, आणि मंत्र उच्चारला कीं तो स्मृतींतून पुसला जातो. १९७८ च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्यें हाच नियम आहे. कोणता मंत्र किती वेळां लागेल हें पोथी उघडून आधींच ठरवावें, आणि निवड चुकली तर तिचें फळ मुकाट्यानें भोगावें.

या नियमाविरुद्ध पुष्कळ दिवस ओरड आहे. विद्वान् मनुष्य आपली विद्या रोज विसरतो कसा, असें आक्षेपक विचारतात, आणि त्यावर शक्तिगुणांची पद्धति सुचवितात. जादूगारास दिवसाचे कांहीं गुण द्यावे; मोठ्या मंत्रास जास्त, लहानास कमी, असे ते त्यानें इच्छेस येईल तसे खर्चावे. ही पर्यायी पद्धति खेळाच्या २०१४ च्या नियमग्रंथांतहि दिलेली आहे. ती समजण्यास सोपी आहे, आणि खेळणाराच्या हातीं अधिक स्वातंत्र्य देते, हें आम्ही मोकळेपणानें कबूल करतों.

पण प्रत्यक्ष हिशेब पाहा. मंत्रांच्या नऊ इयत्ता आहेत. साध्या नियमाप्रमाणें पांचव्या पायरीच्या जादूगारास पहिल्या इयत्तेच्या चार, दुसरीच्या तीन व तिसरीच्या दोन जागा मिळतात. पर्यायी पद्धतींत पहिल्या इयत्तेच्या मंत्रास २, दुसरीच्या मंत्रास ३ व तिसरीच्या मंत्रास ५ गुण पडतात, आणि या जादूगारास एकूण २७ गुण मिळतात. बेरीज चोख आहे: ८, ९ व १० मिळून २७. मात्र रक्कम तीच राहिली तरी व्यवहार तोच राहत नाहीं. अग्निगोलाचा मंत्र तिसऱ्या इयत्तेचा आहे. पूर्वीं तो दिवसांतून दोनदां टाकतां येत होता. आतां पांच वेळां टाकून वर दोन गुण शिल्लक राहतात. मग लहान मंत्रांना विचारतो कोण? कुलूप उघडणारा, झोप आणणारा, वेष पालटणारा, असे जे मंत्र कथेंत गंमत आणीत, त्या साऱ्यांचा खुर्दा करून अग्निगोल विकत घेतले जातात.

गेल्या मे महिन्याच्या सुटींत आमच्या घरीं आमच्या भाच्याच्या मित्रमंडळींचा असा एक डाव झाला. पहिल्याच दालनांत जादूगारानें तीन अग्निगोल टाकले, दुसऱ्यांत दोन, आणि लगेच 'आतां रात्रभर विश्रांति घेऊं' असा आग्रह धरला. जी मुलगी योद्ध्याची भूमिका करीत होती, तिची तरवार त्या दिवशीं म्यानांतून फारशी निघालीच नाहीं. ती कांहीं बोलली नाहीं. थोड्या वेळानें फोन पाहूं लागली. एकाचें स्वातंत्र्य वाढलें तें कोणाच्या वांट्यांतून, याचें उत्तर आम्हांस तेथें मिळालें.

शिवाय मूळ तक्रारीचा परिहार पूर्वींच झालेला आहे. २०१४ च्या साध्या नियमांत तयार ठेवलेला मंत्र विसरला जात नाहीं; पुरेशा इयत्तेच्या कोणत्याहि मोकळ्या जागेंतून तो पुनः टाकतां येतो. खर्च होते ती जागा, विद्या नव्हे. रोग बरा झाल्यावर हें औषध कशासाठीं?

आणि औषध देणारांसहि त्याची धास्ती आहेच. सहाव्या व त्यावरील प्रत्येक इयत्तेचा मंत्र दोन दीर्घ विश्रांतींच्या दरम्यान एकदांच टाकावा, असें बंधन त्यांनीं या पद्धतींत स्वतः घातलें आहे. गुण वाटेल तसे खर्चणें निरुपद्रवी असतें तर हें बंधन कशाला? आणि सहावीला तें हवें, तर जेथें तिसरी हीच सर्वांत वरची इयत्ता आहे, तेथें तिसरीला कां नको? कोणी म्हणेल, तेथेंहि घालूं. अवश्य घाला, प्रत्येक इयत्तेस घाला. मग हातीं उरेल ती जागांचीच जुनी पद्धति, आणि वर वजाबाकीचा नसता व्याप.

मर्यादा ही कल्पनेची शत्रु आहे, असा समज हल्लीं फार पसरला आहे. आमचा अनुभव उलट आहे. दोनच अग्निगोल हातीं असलेला जादूगार विचार करतो, सोबत्यांस विचारतो, त्यांच्यावर विसंबतो. पांच असलेला कोणासच विचारीत नाहीं. खेळ सर्वांचा ठेवावयाचा असेल, तर ज्याच्या हातीं शक्ति अधिक, त्याच्याच हिशेबाच्या वहींत रकाने अधिक असले पाहिजेत.